टुमदार कुणासाठी?

'टुमदार' या शब्दाचा मला हल्ली राग यायला लागलाय. शब्दाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. घर टुमदार असावं, बंगली टुमदार असावी, कुणाची हरकत नाही. पण दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मावश्या, आत्या, मामेभाऊ आणि ब्लॉगवरची मित्रमंडळी यांचे निरोप सुरू होतात. "एखादं छान टुमदार गाव सुचव ना. गर्दी नको, गाड्यांचा आवाज नको, हिरवंगार हवं, थोडं जुन्या काळातलं वाटलं पाहिजे. आणि हो, जेवण घरगुती हवं." या मागणीतलं टुमदार गाव म्हणजे मुळात गावच नसतं. ते एक चित्र असतं. शनिवारी सकाळी आपण त्या चित्रात शिरायचं, रविवारी संध्याकाळी बाहेर पडायचं, आणि मधल्या वेळात चित्रातल्या माणसांनी हलायचं नाही.

आता हे फारच मोघम होतंय, म्हणून एका गावाचं नाव घेऊनच बोलतो. माथेरान. आपल्यापैकी बहुतेकांचं शाळेच्या सहलीपासूनचं लाडकं. मुंबई आणि पुणे दोघांनाही सोयीचं. 'टुमदार गावं' अशी कुठलीही यादी करायला घ्या, हे त्यात असतंच.

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. १८५० साली ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर आला आणि ही जागा त्याला आवडली. साधारण ८०० मीटर उंची, दाट झाडी, मुंबईच्या उकाड्यातून सुटका. साहेबांचे बंगले झाले, मग पारशी आणि इतर धनिकांचे झाले. १९०७ साली नेरळहून वर येणारी छोटी गाडी सुरू झाली, तीही सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून. दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटरची वळणावळणाची वाट. म्हणजे हे गाव मुळातच 'वर येणाऱ्यांसाठी' वसवलं गेलं, हे मला मान्य आहे. पण दीडशेहून जास्त वर्षांत तिथे माणसं जन्मली, शाळेत गेली, म्हातारी झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचार हजारांच्याही आत होती, तरी स्वतःची गिरिस्थान नगरपरिषद असलेलं ते एक पुरतं गाव आहे. शार्लोट तलावावर आपण फोटो काढतो ना, तो त्या गावाचा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. वेफर्सची रिकामी पाकिटं तिथे भिरकावणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

माथेरानची सगळ्यात मोठी ओळख म्हणजे तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडले तर गाडी दस्तुरी नाक्यालाच थांबते. २००३ साली केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळे ही बंदी आणखी पक्की झाली. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर निम्म्या प्रतिक्रिया त्यावरच येतील. मोटारींवरची बंदी मला शंभर टक्के मान्य आहे. ती उठली तर दोन पावसाळ्यांत माथेरानचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. लोणावळ्याचा रविवार आठवा.

माझं भांडण बंदीशी नाही. बंदीमुळे जे ओझं तयार होतं ते कुणाच्या अंगावर टाकायचं, याच्याशी आहे.

दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. वाटेत चढ. लाल माती, पावसात चिखल, उन्हाळ्यात धुरळा. तुमची बॅग, तुमची आजी, हॉटेलातला गॅस सिलिंडर, तुमच्या 'घरगुती' जेवणातले कांदे-बटाटे, बाटलीबंद पाण्याची खोकी, सगळं या वाटेनं वर जातं. चालत, घोड्यावर, हातगाडीवर. आणि ज्यांना चालायचं नाही आणि घोड्याची भीती वाटते ते जातात हातरिक्षात. म्हणजे एक माणूस पुढून ओढतो, एक-दोघं मागून ढकलतात, आणि मध्ये आपण बसतो. हातात मक्याचं कणीस.

या हातरिक्षांबद्दल जालावर काय काय लिहिलेलं असतं ते वाचा एकदा. 'जुन्या जमान्याची आठवण', 'राजेशाही थाट', 'मुलांना खूप मजा आली'. आणि ई-रिक्षा आल्यावर काय? 'माथेरानचं माथेरानपण संपलं.' हे शेवटचं वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय, त्यात माझे सख्खे नातेवाईकही आले, की त्यासाठीच आज हे लिहायला बसलोय.

आधी ई-रिक्षा कशा आल्या ते बघा. त्या कुठल्या बिल्डरनं किंवा गाड्या विकणाऱ्या कंपनीनं आणल्या नाहीत. मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेची होती आणि ती त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ साली न्यायालयानं प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली, त्या वर्षाच्या शेवटी काही गाड्या फिरू लागल्या. २०२४ साली न्यायालयानं मर्यादा घालून दिली, २० ई-रिक्षा, आणि त्याही हातरिक्षावाल्यांनाच. मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं सरळ सांगितलं की माणसानं माणसाला ओढून नेणं हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, सहा महिन्यांत हे बंद करा. ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्यानं द्या, त्यासाठी गुजरातेत केवडियाला जी योजना आहे तसं काही करा, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पीठानं १९८० सालच्या पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्याची आठवणही करून दिली. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच न्यायालयानं रिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूनं विचार केला होता, आणि आपण अजून तिथेच.

मला गंमत वाटते ती आपल्या डोळ्यांची. 'दो बिघा जमीन' १९५३ चा. त्यातला कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढत धावणारा बलराज साहनी बघताना आपल्या घरात दोन पिढ्यांनी डोळे पुसलेत. तीच माणसं माथेरानला उतरली की रिक्षाच्या दांड्याशी उभ्या असलेल्या माणसाशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. सिनेमातला घाम करुण असतो आणि दस्तुरीवरचा 'जुन्या काळचा'. असं कसं काय बुवा?

आता प्रतिवाद. ते मला तोंडपाठ झालेत, म्हणून एकेक घेतो.

पहिला : "अहो, पण त्यांचं पोट चालतं त्यावर. आपण बसलो नाही तर खाणार काय?" खरं आहे, आज बसलो नाही तर आजची कमाई बुडते. म्हणूनच मी 'बसू नका आणि विसरून जा' असं म्हणत नाहीये. पोट चालण्याचा दुसरा मार्ग त्यांनी स्वतः सुचवला, न्यायालयात जाऊन मिळवला, आणि त्यालाच आपण 'मजा गेली' म्हणतोय! कुणाच्या पोटाची इतकी काळजी असेल तर त्याच्या फुप्फुसाचीही करावी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं चिखलातून तिघांचं ओझं चढावर ओढणं हा रोजगार टिकवण्याजोगा नाही, एवढं कळायला वैद्यकीचं शिक्षण लागत नाही.

दुसरा : "आज ई-रिक्षा, उद्या मोटारी. एकदा दार उघडलं की संपलं." ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. महाराष्ट्रात दार किलकिलं झालं की हत्ती आत शिरतो हे आपण पाहिलंय. पण याचं उत्तर दार बंद ठेवणं नाही, दारावर पहारा ठेवणं आहे. गाड्यांची संख्या ठरलेली, मालकी ठरलेली, रस्ता ठरलेला. ही मर्यादा मोडली जातेय असं दिसलं तर मी तुमच्याबरोबर ओरडायला येईन. तोपर्यंत 'उद्या काहीतरी वाईट होईल' या धाकानं आजचं वाईट चालू ठेवणं म्हणजे आपल्या भीतीचं भाडं दुसऱ्याकडून वसूल करणं.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार : घोडेवाल्यांचं काय? चारशेहून जास्त परवानाधारक घोडे आहेत तिथे. त्यामागे घरं आहेत. ई-रिक्षा वाढल्या की त्यांचं गिऱ्हाईक कमी होणार, यात शंका नाही. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले तर घोड्यांचे पाय घसरतात, हाही त्यांचा आक्षेप आहे. याचं माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि ते उत्तर पुण्यात खुर्चीत बसून देणं बरंही दिसणार नाही. पण एक नक्की. हा वाद तिथल्या माणसांचा आहे. एका कष्टकऱ्याचं पोट आणि दुसऱ्याचं पोट असा तो खरा, अवघड वाद आहे. त्यात 'आमच्या फोटोत कसं दिसतं' या मुद्द्याला पाटाएवढीसुद्धा जागा नाही. आपण मात्र नेमका तोच मुद्दा घेऊन पंगतीत बसतो.

चौथा : "छोटी गाडी आहे की!" आहे. पण २००५च्या पावसात तिचा मार्ग इतका वाहून गेला की पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१९च्या पावसानंतर बंद पडलेली नेरळची पूर्ण फेरी सुरू झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. पावसाळ्यात वरच्या वर अमन लॉज ते माथेरान एवढीच धावते. तिचे डबे मोजके. ती फार गोड आहे, पण रात्री अकरा वाजता पोटात कळा येणाऱ्या बाईला ती उपयोगाची नाही.

आणि ती बाई म्हणजेच सगळा मुद्दा आहे. आपण दोन दिवस चालतो, त्याला 'ट्रेक' म्हणतो. शाळेला जाणारं पोर, म्हातारा गुडघेदुखीवाला, पायथ्याच्या आणि डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांतून रोज चढून कामाला येणारी ठाकूर-कातकरी माणसं, यांच्यासाठी ते रोजचं जगणं आहे. आपल्या सोसायटीत लिफ्ट दोन तास बंद पडली तर आपण सेक्रेटरीला झोपू देत नाही. पण त्यांनी मात्र १९०७ सालातच राहावं, कारण आपल्याला १९०७ साल बघायला आवडतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट या तळ्याकाठच्या गावाचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. जेमतेम आठशेच्या आत वस्ती. गर्दीच्या दिवसांत तिथे दहा हजारांपर्यंत पाहुणे येतात. २०१२ मध्ये चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात त्या गावाची हुबेहूब नक्कलही उभी राहिली. २०२३ च्या मे महिन्यात गावानं वैतागून, लोक जिथून सेल्फी काढतात तिथेच लाकडी कुंपण घातलं. जगभर आरडाओरडा झाला आणि ते काढावं लागलं. म्हणजे गाव त्यांचं, तळं त्यांचं, पण कुंपण घालायचं तर परवानगी आपली. गंमत आहे की नाही?

म्हणून यापुढे 'टुमदार गाव सुचव' म्हणणाऱ्यांना मी गावाचं नाव सांगेन, पण काही अटींसह. (मावशी, तू हे वाचत असशीलच, रागावू नकोस. :) )

चालता येत असेल तर दस्तुरीपासून चालत जा. ती वाट मुळात चालण्यासाठीच सुंदर आहे. चालता येत नसेल तर ई-रिक्षात बसा, आणि त्याबद्दल घरी येऊन नाक मुरडू नका. रांग असेल तर थांबा, जागा आधी गावातल्या माणसाला द्या. घोड्यावर बसायचं तर ठरलेल्या दरानं बसा, घासाघीस नको. पाण्याच्या बाटल्या आणि पाकिटं नेली तशी खाली आणा, कारण वर टाकलेला कचरासुद्धा कुणीतरी ओढूनच खाली नेणार असतो. आणि परत आल्यावर जे काही लिहाल, त्यात एक तरी वाक्य तिथल्या माणसाला विचारून लिहा. 'पूर्वी किती छान होतं' हे वाक्य लिहिण्याआधी तर नक्कीच विचारा. पूर्वी कुणासाठी छान होतं, ते तोच सांगेल.

ज्यांना यातलं काहीच पटलं नाही त्यांनी जरूर भांडावं, प्रतिक्रियांची खिडकी उघडी आहे. फक्त एक अट. हातरिक्षा राहिलीच पाहिजे असं म्हणणाऱ्यानं आधी अर्धा तास, भर पावसात, माझ्यासारख्या ऐंशी किलोच्या माणसाला बसवून ती ओढून दाखवावी. भाडं मी देईन.