सोंवळी जीभ

गेल्या दहापंधरा वर्षांत आमच्या शहरांतील सुशिक्षित समाजांत एक नवें सोंवळें उत्पन्न झालें आहे. जुनें सोंवळें स्वयंपाकघरांत असे. हें नवें जिभेवर असतें. जुन्या सोंवळ्यांत शिवल्यानें विटाळ होई. ह्यांत शेजाऱ्याच्या पेल्यांत काय आहे एवढें दिसल्यानेंच होतो. लहान कारखान्यांत थोड्या प्रमाणांत तयार झालेली आणि 'क्राफ्ट' ह्या नांवानें विकली जाणारी बिअर ज्यानें पत्करली तो रसिक. आणि ज्यानें मोठ्या कंपनीची स्वस्त, फिकट, थंडगार बाटली मागविली तो केवळ अरसिकच नव्हे, तर कांहींसा अडाणी, जाहिरातींचा गुलाम, आणि आपल्या तोंडाला काय लागतें हेंहि न कळणारा, असा समजला जातो. हें मत आधीं अमेरिकेंत पिकलें, तेथून आमच्याकडे आलें, आणि आतां पुण्यामुंबईच्या बैठकींतून तें इतक्या निर्धास्तपणें बोललें जातें कीं, त्याचा कोणी तरी समाचार घेणें अवश्य झालें आहे.

घरांत सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत मद्याची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. १९४९ चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रांत अजून जिवंत आहे, आणि कागदोपत्रीं तरी परवान्यावांचून पेला ओठाला लावण्याची सोय नाहीं, हें आम्ही जाणतों. ज्यांच्या घरीं बाटली कधीं आली नाहीं त्यांनीं ती आणावी, असें ह्या लेखांत कोठेंहि आढळणार नाहीं. पण प्रश्न पेल्याचा नसून रुचीचा आहे. रुचीच्या नांवाखालीं माणसाची पायरी ठरविण्याचा जो उद्योग बिअरच्या बाबतींत चालला आहे, तोच चहा, आंबे, नाटकें आणि कादंबऱ्या ह्यांच्याहि बाबतींत चालत असतो. बिअरमध्यें तो अधिक उघडा पडतो, म्हणून तें उदाहरण आम्हीं घेतलें.

प्रतिपक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें: लाइट बिअर म्हणजे पाणी. तींत जवाच्या माल्टाबरोबर तांदूळ नाहीं तर मका मिसळलेला असतो. हॉप्सचा कडवटपणा व सुगंध केवळ नांवापुरता. आणि ती बर्फासारखी थंड करून पितात ती चव लागूं नये म्हणूनच. ह्यांतील वर्णनाचा भाग बराचसा खरा आहे. ती पातळ आहे, फारशी कडू नाहीं, आणि कोमट झाली म्हणजे अगदींच केविलवाणी लागते. कोणास ती आवडली नाहीं तर त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार आहे ती वर्णनावरून बिअरच्या निवाड्यावर आणि तेथून पिणाऱ्याच्या निवाड्यावर ज्या दोन उड्या घेतल्या जातात, त्यांबद्दल.

'पाणी' म्हणून जिची हेटाळणी होते ती वस्तु होते कशी, हें ह्या रसिकांपैकीं कितीकांनीं पाहिलें आहे? जवाला मोड आणून तो वाळविला म्हणजे माल्ट होतें. तें गरम पाण्यांत ठेवलें कीं, त्यांतील पिष्टाची साखर होते. ती साखर खाऊन यीस्ट तिचा मद्यार्क व वायु बनवितें. परंतु सगळ्या पिष्टाची यीस्टला पचेल अशी साखर होत नाहीं. कांहीं भाग लांब साखळ्यांच्या रूपानें तसाच उरतो. त्याला डेक्स्ट्रिन म्हणतात, आणि बिअरला दाटपणा व बरेचसे उष्मांक त्यानेंच येतात. न्यूयॉर्कमध्यें ब्रुकलिनच्या ऱ्हाइनगोल्ड कारखान्यांतील जीवरसायनज्ञ जोसेफ ओवेड्स ह्यानें एका एन्झाइमच्या साहाय्यानें ह्या साखळ्याहि तोडल्या आणि यीस्टला जवळजवळ सर्वच खाऊं घातलें. १९६७ सालीं 'गॅब्लिंगर्स' ह्या नांवानें ही बिअर बाजारांत आली, आणि सपशेल पडली. कारण ती पथ्याची बिअर म्हणून विकली गेली, आणि पथ्य म्हणून बिअर पिणारा पुरुष अमेरिकेंत त्या वेळीं सांपडला नाहीं. पुढें मिलर कंपनीनें शिकागोच्या माइस्टर ब्रॉ ह्या कंपनीकडून 'लाइट' हें नांव १९७२ मध्यें विकत घेतलें, १९७५ मध्यें ती बिअर साऱ्या अमेरिकेंत नेली, आणि निवृत्त खेळाडूंना जाहिरातींत एकमेकांशीं भांडावयास लावलें. एकानें म्हणावें, हिची चव उत्तम; दुसऱ्यानें म्हणावें, हिनें पोट जड होत नाहीं. खप कोठल्या कोठें गेला. जाहिरातीचा हा प्रताप आम्ही नाकारीत नाहीं. पण ३५५ मिलिलिटरच्या एका डब्यांत साध्या बडवायझरचे सुमारें १४५ उष्मांक व ५ टक्के मद्यार्क, आणि मिलर लाइटचे ९६ उष्मांक व ४.२ टक्के मद्यार्क, हा हिशेब पाहिला म्हणजे 'पाणी' ह्या शब्दांत वस्तुस्थिति किती आणि आवेश किती, तें कळून येतें.

हाच ओवेड्स पुढें सॅम्युएल अ‍ॅडम्स ह्या बिअरच्या जनकांचा सल्लागार होता, आणि ती बिअर क्राफ्टच्या चळवळीचें निशाण मानली जाते. एका डोक्यांतून दोन्ही निघालीं! आमचे रसिक एका कृतीला प्रतिभा म्हणतात आणि दुसरीला पाप म्हणतात. कर्ता एकच होता हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

कारागिरीचा मुद्दा एवढ्यानें संपत नाहीं. जी बिअर हॉप्सनें कडू केलेली, भाजक्या माल्टानें काळी केलेली, किंवा अलीकडच्या रीतीप्रमाणें आंबा, कोकम नाहीं तर कॉफी घालून रंगविलेली असते, तींत आंबवण्याच्या वेळीं झालेली चूक पुष्कळदां खपून जाते. यीस्टला पुरेसा अवधि न देतां बिअर घाईनें काढली तर लोण्यासारखा वास मागें राहतो. उकळी कमी पडली तर शिजलेल्या मक्याचा वास येतो. पातळ बिअरमध्यें हे वास पहिल्याच घोटाला कळतात. आमच्या गृहिणींना हें निराळें सांगावयास नको. मसाल्याच्या आमटींत कालची डाळ खपते, साध्या वरणांत खपत नाहीं. आणि निरनिराळ्या गांवच्या पाण्यावर, निरनिराळ्या वर्षांच्या पिकांतून एकच बिअर बारा महिने एकसारखी उतरविणें ही कारागिरी नसेल, तर कारागिरी ह्या शब्दाचा अर्थ आम्हांला नव्यानें शिकावा लागेल.

राहतां राहिला तांदूळ-मक्याचा कलंक. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत गेलेल्या जर्मन कारागिरांना तेथें जो जव मिळाला त्यांत प्रथिनें अधिक होतीं. नुसत्या त्यावर केलेली बिअर गढूळ व जड होई. तांदूळ किंवा मका घालून त्यांनीं ती निवळ केली. ह्याला भेसळ म्हणणारे १५१६ च्या बव्हेरियाच्या कायद्याचा दाखला देतात, कीं पाणी, जव आणि हॉप्स ह्यांवांचून बिअरमध्यें कांहीं पडूं नये. दाखला मोठा बाणेदार आहे. फक्त त्याच्या धाकानें त्यांची स्वतःची आंब्याची बिअर आधीं गटारांत ओतावी लागेल.

आतां रसिकांच्या जिभेकडे वळूं. १९६४ मध्यें अ‍ॅलिसन आणि ऊल ह्या अमेरिकन संशोधकांनीं नेहमी बिअर पिणाऱ्यांना चिठ्ठ्या काढलेल्या बाटल्या दिल्या. आपली नेहमीची बिअर कोणती हें त्यांना सामान्यतः ओळखतां आलें नाहीं. त्याच बाटल्या चिठ्ठ्यांसह दिल्यावर मात्र आपापल्या बिअरला त्यांनीं भरघोस गुण दिले. २००६ मध्यें ली, फ्रेडरिक आणि एरिअली ह्यांनीं बिअरमध्यें बाल्सॅमिक सिरक्याचे कांहीं थेंब टाकून ती लोकांना पाजली. ज्यांना कांहींच सांगितलें नव्हतें त्यांतील पुष्कळांना ती आवडली. ज्यांना चव घेतल्यानंतर सांगितलें त्यांचेंहि मत फारसें बिघडलें नाहीं. ज्यांना आधीं सांगितलें त्यांनीं नाक मुरडलें. सिरका तोच होता. हे प्रयोग लाइट बिअरच्या भक्तांनाहि तितकेच लागू पडतात हें खरें. एका कंपनीसाठीं दुसऱ्या कंपनीच्या माणसाशीं हमरीतुमरीवर येणारे महाभाग त्या पक्षांतहि आहेत. पण 'माझ्या जिभेला कळतें आणि तुझ्या जिभेला कळत नाहीं' हा अभिमान तो पक्ष धरीत नाहीं.

प्रतिपक्षाजवळ एक बळकट मुद्दा आहे, आणि तो टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. ते म्हणतात, तुमच्या ह्या पिणाऱ्यानें निवड केलीच कोठें? १८७३ मध्यें अमेरिकेंत बिअरचे ४१३१ कारखाने होते. १९२० ते १९३३ ची दारूबंदी आणि तिच्यामागून मोठ्या कंपन्यांची गिळंकृति ह्यांमुळें १९८० च्या सुमारास ते शंभरांच्याहि खालीं आले. सर्व बाटल्यांतून एकच पिवळें पाणी मिळत असतांना 'मला हेंच आवडतें' ह्या म्हणण्याला काय किंमत? हें म्हणणें खरें आहे. १९६५ मध्यें सॅन फ्रान्सिस्कोचा मरणपंथास लागलेला अँकर कारखाना फ्रिट्झ मेटॅग ह्यानें घेतला नसता, १९७६ मध्यें जॅक मॅकॉलिफ ह्यानें सोनोमा येथें न्यू अल्बियन उभी केली नसती, आणि १९७८ मध्यें घरीं बिअर करण्यास कायद्यानें मोकळीक मिळाली नसती, तर आज तेथें नऊ हजारांवर कारखाने दिसते ना. ह्या लोकांचें ऋण मोठें आहे. २०२३ मध्यें अँकर बंद पडल्याची बातमी आम्हांलाहि जड गेली. पण हा मुद्दा कंपन्यांविरुद्ध आहे. पिणाऱ्याविरुद्ध त्यांतून कांहींच निघत नाहीं. ज्याच्या पुढ्यांत एकच पदार्थ वाढला गेला त्यानें तो आवडीनें खाल्ला, ह्यांत त्याचा अपराध कोणता? आणि आतां नऊ हजार कारखान्यांतून निवडावयास मिळत असतांहि जो समजून उमजून फिकट बिअरच मागतो, त्याला तरी ह्यांनीं सोडलें आहे काय?

शिवाय लहान-मोठ्याची ही सीमा दिसते तितकी पक्की नाहीं. अमेरिकेंतील क्राफ्टवाल्यांच्या संघानें 'लहान' ह्याची मर्यादा वर्षाला वीस लाख पिंपें ठरविली होती. सॅम्युएल अ‍ॅडम्सची कंपनी तिच्या जवळ येऊं लागली तेव्हां, २०११ च्या सुमारास, ती साठ लाख पिंपें करण्यांत आली. साठ लाख पिंपें म्हणजे सुमारें सत्तर कोटि लिटर! हें जर कुटिरोद्योगाचें माप, तर आमच्या साखर कारखान्यांनीं आपल्याला गुऱ्हाळें म्हणवून घेण्यास हरकत नाहीं. मोठ्या कंपन्याहि कमी नाहींत. बडवायझरच्या मालकांनीं २०११ मध्यें शिकागोची गूझ आयलंड घेतली, २०१५ च्या जानेवारींत सिअ‍ॅटलची एलिशियन घेण्याचें जाहीर केलें, आणि लगेच फेब्रुवारींत, फुटबॉलच्या मोठ्या सामन्याच्या दिवशीं, बिअरचा वास घेत बसणाऱ्या व भोपळा-पीचची बिअर पिणाऱ्या नाजूक लोकांची टर उडविणारी जाहिरात दाखविली. भोपळा आणि पीच घातलेली बिअर एलिशियननें खरोखरच केलेली होती. हा उलट्या दिशेचा तुच्छताभाव आम्हांला अधिकच ओंगळ वाटतो. कारण त्यांत श्रमिकाचा कैवार घेतल्याचें ढोंग आहे, आणि पैसा दोन्ही खिशांतून एकाच घरीं जातो.

आमच्याकडील प्रकाराला तर विनोदाचीच कळा आहे. येथील रसिकांची परम आवडती ती 'इंडिया पेल एल'. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या कारखान्यांतून, आणि १८२० नंतरच्या काळांत बर्टनच्या कारखान्यांतून, हॉप्स अधिक घातलेली बिअर जहाजांनीं कलकत्ता-मुंबईच्या साहेबांसाठीं येत असे. त्यावरून हें नांव पडलें. पुण्यांत २००९ मध्यें बिअर जागीं तयार करून देणारें जें डूलाली निघालें, त्याचें नांव आमच्या नाशिकजवळच्या देवळालीचें आहे. तेथील छावणींत मायदेशच्या जहाजाची वाट पाहतां पाहतां गोऱ्या शिपायांचीं डोकीं फिरत, म्हणून इंग्रजींत डोकें फिरलेल्याला तें नांव मिळालें. बिअर चांगली करतात आणि नांवहि झकास निवडलें आहे. पण एप्रिलच्या उन्हांत नागपूरच्या एखाद्या कारकुनानें दिवस मावळल्यावर थंड माइल्ड मागविली, तर तो गुलाम; आणि साहेबाची कडू बिअर तिच्या वंशावळीसह जो घोटतो, तो स्वतंत्र बुद्धीचा! वास्तविक आमच्या बाजारांत मोठा खप 'स्ट्राँग' बिअरचा. माइल्ड मागणारा बिचारा दोहोंकडून मार खातो.

आमच्या मतें ह्या सर्व गोंधळाचें मूळ एका समजुतींत आहे. पेयानें पिणाऱ्याचें सगळें लक्ष स्वतःकडे ओढून घ्यावें, तरच तें चांगलें, अशी ती समजूत. कांहीं बिअर तशा असतात आणि तशाच असाव्या. परंतु दिवसभर छपरावर पत्रे ठोकून उतरलेल्या माणसाला, किंवा चार मित्रांत बसून गप्पा मारणाराला, गप्पांच्या मागें राहणारी बिअर हवी असते. तंबोरा गायकाच्या मागें बसतो. त्याला कोणी दाद देत नाहीं, पण तो बेसूर लागला तर सभा उठून जाते. अशा वस्तूला तिच्या कामावरून जोखावी. लाइट बिअर तिच्या कामांतहि नापास होत असेल तर टीकाकारानें खुशाल तसें लिहावें. अमक्या बाटलीला शिजल्या मक्याचा वास आला, तमकी प्रकाशांत राहून नासली, असें तो लिहील तर आम्ही तें लक्षपूर्वक वाचूं. 'ही पिणारे कसे असतात' ह्यावर त्यानें दोन पानें खर्चीं घातलीं, म्हणजे त्याला बिअरविषयीं सांगावयाचें संपलें असें आम्ही समजतों.

ह्यावर ज्यांना राग येईल त्यांना एक सूचना. बिअरच्या धंद्यांत चव पारखणारांची परीक्षा घेण्याची एक रीत आहे. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत ती १९४० नंतरच्या दशकांत बसविली गेली. तीन पेले ठेवावयाचे. दोहोंत एकच बिअर, तिसऱ्यांत दुसरी. निराळा पेला कोणता, एवढेंच ओळखावयाचें. नुसत्या अंदाजानेंहि तीन वेळांत एकदां उत्तर बरोबर येतें, म्हणून फेऱ्या पुष्कळ घ्याव्या लागतात. कडू काळ्या बिअरशीं तुलना करून ही परीक्षा कोणीहि जिंकील. आमच्या रसिक मित्रांनीं ती लहान कारखान्याची फिकट लागर आणि मोठ्या कंपनीची माइल्ड ह्या दोहोंवर द्यावी. पेले रंगीत असावेत, बाटल्या दुसऱ्या खोलींत उघडाव्यात, आणि ज्यानें ओतलें त्यानें सगळ्यांचीं उत्तरें लिहून होईपर्यंत बाहेर येऊं नये.