काम काय होतं?
१७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट झाले. खांबच्या थांब्यावरून बाया दवाखान्याला जातात, माहेरी जातात, कोर्टाच्या तारखेला जातात. मी एकटी नुसती मुंबई बघायला गेले : राणीची बाग, गेटवे, मरीन ड्राइव्हचा कट्टा. परतल्यावर प्रश्न एकच, ‘काम काय होतं?’ आपल्या बैठकीतही तोच! काम नव्हते. कट्ट्यावर पुरुष बसला तर वारा खातो. बाई बसली की ती कोणाची तरी वाट बघत असते. घटनेच्या कलम १९ मधल्या संचारस्वातंत्र्याला कामाची अट नाही. मैत्रिणींनो, सरकारने तिकीट निम्मे केले, घराने मात्र कारण विचारणे सोडलेले नाही. कारण सांगणे आता आपणच बंद करू या.