अनुभवाची बाराखडी

वाचन-लेखनावरचे संशोधन हे विद्यापीठांचे काम, शिक्षकाला त्याचा अनुभव पुरे, असे मत हल्ली पुन्हा आग्रहाने मांडले जाते. संशोधन परदेशी असते, इंग्रजीवर बेतलेले असते आणि पंचवीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळलेल्याला ते नवे काय सांगणार, अशी ही तक्रार आहे.

पैकी पहिला मुद्दा खराच नाही. मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून शिकवण्याचा 'बालसखी' प्रयोग मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत झाला. मराठी वाचन-लेखनाचा तीन वर्षांचा सलग अभ्यास वाडा तालुक्यात झाला, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. दुसऱ्यात तथ्य आहे: इंग्रजीची अक्षरे २६, तर देवनागरीत व्यंजन आणि स्वरचिन्हांच्या जोड्याच शेकड्यांनी. म्हणून इंग्रजीवरचे निष्कर्ष जपून घ्यावेत, एवढेच.

या तक्रारीचा खरा डोलारा अनुभवावर उभा आहे. वर्ग एका सुरात बाराखडी म्हणतो, तक्त्यावर छडी फिरते, शिक्षक समाधानी. त्याच तक्त्यावर मध्येच 'कू'वर बोट ठेवले की मूल 'क, का, कि, की' असे पुटपुटत तिथवर चालत येते. त्याला चाल पाठ आहे, अक्षर ओळखता येत नाही. पंचवीस वर्षे बोट क्रमानेच फिरले असेल, तर हा फरक पंचवीस वर्षे दिसत नाही. शिवाय घरी पुस्तके असलेली मुले कोणत्याही पद्धतीने शिकतात आणि त्यांचे श्रेय पद्धतीला मिळते. न शिकलेल्यांचे खापर पालकांवर फुटते. असा अनुभव कधीच चुकत नाही, ही त्याची सोय आहे. अक्षरपद्धती की शब्दपद्धती हा जुना वाद याच बळावर पिढ्यान्‌पिढ्या चालला. दोन्ही बाजूंकडे अनुभव भरपूर, मोजमाप कोणाकडेच नव्हते.

'संशोधनाने सिद्ध' एवढ्यावर मान डोलावणेही नको. मुले कोणती, लिपी कोणती, काय मोजले आणि फरक टिकला का, हे शिक्षकाने विचारावे. 'बालसखी'त गुण वाढले, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात ती वाढ बरीच ओसरली. पातळीनुसार शिकवण्याच्या पुढच्या प्रयोगात उत्तराखंडात प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही फरक पडला नाही. हरियाणात वेळापत्रकात वेगळा तास राखून, इयत्ता बाजूला ठेवून गट केले, तेव्हा वाचन सुधारले. म्हणजे पद्धतीच्या नावाइतकेच तासाचे नियोजनही वाचायला हवे. मग आपल्या वर्गात अक्षरपत्ते पिसून प्रत्येक मुलाला एकेकटे वाचायला लावावे, अडलेली अक्षरे तारखेसह वहीत टिपावीत आणि महिन्याने तेच पत्ते पुन्हा दाखवावेत.