आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : सुरक्षेचे नियम खरोखर आगीतून जन्मतात का?

१/
प्रत्येक मोठ्या आगीनंतर समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरू लागते : ‘सुरक्षेचे नियम रक्ताने लिहिलेले असतात.’ वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ते निम्मेच टिकते. रक्त सांडते, हे खरे. नियम मात्र नंतर, शांतपणे, बैठकीच्या खोलीत लिहिले जातात. त्या खोलीत कोण बसले आणि कोण आलेच नाही, यावर पुढच्या आगीचा हिशेब ठरतो. हा धागा त्या खोलीविषयी.

२/
आरंभ लंडनपासून, कारण या समजुतीचा सर्वांत लाडका पुरावा तोच. २ सप्टेंबर १६६६ रोजी पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात आग लागली. चार-पाच दिवसांत सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च जळाली. लोकप्रिय कथा पुढे सांगते : लाकडी शहर जळाले, राज्यकर्ते शहाणे झाले आणि विटांच्या बांधकामाचा नियम आला.

३/
ही कथा कालक्रमातच घसरते. घरांचे दर्शनी भाग विटांचे वा दगडाचे असावेत, असे जाहीरनामे राजा पहिला जेम्स याने १६०५ पासून काढले होते. म्हणजे महाआगीपूर्वी साठ वर्षे नियम कागदावर होता. त्याही मागे, १२१२ च्या आगीनंतर लंडनमध्ये गवताने छप्पर शाकारण्यास मनाई झाली होती. नियमांचा तुटवडा कधीच नव्हता. लाकडी घरे तरीही उभी राहत होती.

४/
मग १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्यात नवे काय होते? विटा नव्हत्या, यंत्रणा होती. घरांचे चार वर्ग पाडले गेले आणि प्रत्येक वर्गासाठी मजले व भिंतींची जाडी ठरली. बांधकामावर देखरेख ठेवण्यासाठी सर्वेक्षक नेमले गेले. रॉबर्ट हूक हा विख्यात शास्त्रज्ञ त्यांपैकीच एक. मालक-भाडेकरूंचे वाद मिटवायला स्वतंत्र ‘फायर कोर्ट’ बसले आणि सार्वजनिक कामांच्या खर्चासाठी कोळशावर कर लागला.

५/
जेम्सचा जाहीरनामा आणि १६६७ चा कायदा यांतील अंतर चार प्रश्नांत मावते. तपासणार कोण? तंटा सोडवणार कोण? पैसा कोठून येणार? न पाळल्यास काय होणार? जाहीरनाम्याने ‘काय करावे’ एवढेच सांगितले. कायद्याने हे चारही प्रश्न सोडवले. आगीने संधी दिली, पण उत्तरे कोणीतरी बसून लिहावी लागली.

६/
येथून मुंबई दूर नाही. ज्या दुसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत हा कायदा झाला, त्यानेच पुढच्या वर्षी, १६६८ मध्ये, विवाहसंबंधातून मिळालेले मुंबई बेट वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. बेट आले, किल्ला आला, व्यापार आला. बांधकामाची शिस्त मात्र त्या जहाजातून उतरली नाही.

७/
१७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्यात आग भडकली. दाट वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर वस्ती किल्ल्याबाहेर, एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानापलीकडे झपाट्याने वाढली. ‘आगीने शहर सुधारले’ असे याचे वर्णन केले जाते. वास्तविक दाटी फक्त जागा बदलून गेली. मैदान मोकळे राहिले, कारण किल्ल्याच्या तोफांना समोर अडथळा नको होता. मैदानापलीकडच्या गल्ल्यांना ती चैन मिळाली नाही.

८/
खरी कसोटी १८९६ च्या प्लेगनंतर लागली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने आपल्या जमिनींवरील इमारतींसाठी प्रकाशकोनाचा नियम लावला : साडेत्रेसष्ट अंश. भूमितीची भीती नको. अर्थ इतकाच की इमारतीची उंची दोन असेल, तर समोरची मोकळी जागा किमान एक हवी. एका कोनाने प्रकाश, हवा आणि इमारतींमधले अंतर अशा तिन्ही गोष्टी बांधून टाकल्या.

९/
नियम साधा, मोजता येण्याजोगा आणि लबाडीला कमी वाव देणारा होता. मग तो साऱ्या शहराला का लागू झाला नाही? कारण उर्वरित शहराचे बांधकाम उपविधी महापालिकेच्या सभागृहातून जात. १८८८ च्या कायद्याने उभ्या केलेल्या त्या सभागृहाचे मतदार प्रामुख्याने करदाते, म्हणजे मालमत्ताधारक होते.

१०/
ज्यांच्या चाळींची उंची कमी होणार, ज्यांच्या भाड्याच्या खोल्या घटणार, तेच उपविधींचे परीक्षण करीत होते. कडक प्रस्ताव तेथे अडले यात नवल ते काय? साध्या भाडेकरूला महापालिकेत मत मिळण्याची वाट १९२२ च्या सुधारणेने उघडली, तीही भाड्याच्या रकमेची अट घालून. खोलीत राहणारा आणि नियमांच्या खोलीत बसणारा, ही दोन वेगळी माणसे होती.

११/
मुंबईच्या नियमांचा इतिहास हा आगींच्या यादीपेक्षा या दोन खोल्यांमधील अंतराचा इतिहास आहे. प्लेगने हजारोंचा बळी घेतला, तरी तो कोन सर्व शहराचा झाला नाही. ‘रक्ताने नियम लिहिले जातात’ म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाला उत्तर द्यावे.

१२/
१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. आग, मग स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मृतीसाठी देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. पाळावाच. पण पुष्पचक्र वाहणे आणि नियमांचा मसुदा वाचणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. पहिले दरवर्षी पार पडते. दुसरे कोणाचेच नाही.

१३/
आजची रचना थोडक्यात. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये आली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारली गेली. तिचा चौथा भाग अग्निसुरक्षेचा. परंतु ही संहिता शिफारसवजा आहे. जमीन हा राज्यांचा विषय, आणि अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांकडे सोपवता येणारे काम. म्हणून राष्ट्रीय संहितेतील ओळ स्थानिक नियमावलीत उतरली तरच ती नागरिकाच्या जिन्यापर्यंत पोहोचते.

१४/
उतरताना काय होते? एक आकडा पाहावा. राष्ट्रीय संहितेनुसार १५ मीटर वा अधिक उंचीची इमारत ‘उंच’. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत ती रेषा २४ मीटरवर होती. २०१८ मध्ये लागू झालेल्या ‘२०३४’ नियमावलीत ती ३२ मीटरवर गेली. व्याख्या सरकली की कोणत्या इमारतीला कोणत्या अटी लागणार, हेही सरकते. त्यामागे तांत्रिक कारणे असतील. पण राहणाऱ्यांपैकी किती जणांनी ती ओळ वाचली होती?

१५/
दुसरे उदाहरण सामासिक अंतराचे, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचे. अग्निशमन दलाची गाडी आणि शिडी उभी राहते ती येथेच. आज या अंतरात तूट असेल, तर अधिमूल्य भरून सवलत मिळवण्याची सोय नियमावलीतच आहे. ज्या मोकळ्या जागेसाठी शतकापूर्वी कोन आखला गेला, तिला आता दरपत्रक जोडलेले आहे. आग मात्र पावती पाहून थांबत नाही.

१६/
सर्वांत बोलके प्रकरण २००९ चे. २६/११ च्या हल्ल्यात जगाने मुंबईतील हॉटेलांच्या ज्वाळा पाहिल्या. त्यानंतर राज्य सरकारने मानवनिर्मित आपत्तीचा धोका असलेल्या इमारतींसाठी विशेष अग्निसुरक्षा नियमांचा मसुदा काढला. मसुदा. अंतिम अधिसूचना नव्हे. पुढे जनहित याचिका झाली, आणि २०२२ मध्येही मुंबई उच्च न्यायालय सरकारला विचारत होते : नियम अंतिम कधी करणार?

१७/
यापेक्षा मोठा धक्का कोणता असू शकतो? सारे जग पाहत असताना लागलेली आग तेरा वर्षांत एक मसुदा पूर्णत्वाला नेऊ शकली नाही. दरम्यान २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात, गच्चीवरच्या उपाहारगृहात लागलेल्या आगीत १४ जण मरण पावले. सूतगिरण्यांसाठी बांधलेल्या आवाराचा वापर बदलला; त्यासोबत सुटकेच्या वाटा बदलल्या का, हा प्रश्न आधी विचारायचा असतो.

१८/
२०२१ हे एकच वर्ष घ्यावे. जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके दगावली. एप्रिलमध्ये विरारचे रुग्णालय पेटले. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग. अकरा महिन्यांत तीन आगी, आणि प्रत्येकीनंतर तपासणीच्या घोषणा. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे लागू पडत नाही.

१९/
हा केवळ देशी दोष समजून उसासे टाकण्याचे कारण नाही. लंडनच्याच लॅकनल हाउसमध्ये २००९ साली सहा जण आगीत गेले. मृत्युचौकशीनंतर २०१३ मध्ये अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शक दस्तऐवजाचे पुनरावलोकन करण्याची शिफारस झाली. ते रखडले. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरमध्ये आग लागली, तेव्हाही ते पूर्ण झालेले नव्हते. ७२ मृत्यू. ज्या शहराने १६६७ चा कायदा लिहिला, तेच शहर साडेतीनशे वर्षांनी नियमांचे परीक्षण लांबवीत होते.

२०/
पहिला आक्षेप : ‘नियम चांगलेच आहेत, दोष अंमलबजावणीचा.’ हे विधान सोयीचे आहे, कारण ते कोणालाच काही वाचायला लावत नाही. अंमलबजावणी आकाशातून पडत नाही. तिचीही कलमे असतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार मालकाने वा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. गृहनिर्माण संस्थांमध्ये त्याला ‘बी फॉर्म’ म्हणतात.

२१/
हे प्रमाणपत्र देते परवानाधारक एजन्सी, आणि तिला पैसे देतो तोच मालक. ज्याची परीक्षा, त्याच्याच खिशातून परीक्षकाचा मोबदला. ग्रेनफेलच्या २०२४ च्या अंतिम चौकशी अहवालाने बांधकाम तपासणीतील अशाच हितसंबंधांवर बोट ठेवले आहे. हा दोष शिपायाच्या आळसाचा नाही, मसुद्याच्या रचनेचा आहे. तो दुरुस्त होईल तर मसुद्यातच.

२२/
दुसरा आक्षेप वजनदार आहे : ‘नियम कडक केले की घरे महागतात, आणि जुन्या चाळींना ते पाळताच येत नाहीत.’ खरे आहे. नव्या इमारतीची मापे शंभर वर्षांच्या लाकडी जिन्यावर लादली, तर रहिवासी रस्त्यावर येईल. परंतु १६६७ च्या कायद्याने घरांचे वर्ग पाडले होते. सर्वांना एकच माप लावणे वा कोणालाच न लावणे, याच्यामधली वाट शोधणे हेच तर स्थानिक परीक्षणाचे काम.

२३/
चाळीत मोकळा ठेवलेला जिना, सुरक्षित वीजजोडणी, दोन्ही बाजूंनी उघडणारा रस्ता : कोणत्या इमारतीस काय शक्य आहे, हे दिल्लीतील संहितेला कळणार नाही. ते तेथे राहणाऱ्याला कळते. म्हणूनच तो त्या प्रक्रियेत नसणे महागात पडते.

२४/
तिसरा आक्षेप : ‘हे तज्ज्ञांचे काम.’ मापे तज्ज्ञांनीच काढावीत. पण धोका कोणी पत्करायचा हा प्रश्न तांत्रिक नाही. १८९८ नंतरच्या मुंबईत अभियंत्यांना कोन ठाऊक होता. अडला तो सभागृहात. तज्ज्ञ खोलीत होतेच. भाडेकरू नव्हता.

२५/
त्या खोलीचे दार आज कायद्याने किलकिले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार नियमावलीत किरकोळ फेरबदल करायचा, तर सूचना प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत साधारण एक महिना. राजपत्रात ती सूचना येते आणि बहुतांश शहर तिच्याकडे न पाहता पुढे जाते. विकासकाचा सल्लागार मात्र ती त्याच दिवशी वाचतो.

२६/
इतिहासप्रेमी तरुणांकडून अपेक्षा येथे आहे. मोडी कागद उलगडण्यासाठी रात्री जागवणाऱ्यांना, किल्ल्याच्या दरवाजाची दिशा का वळवली हे बुरूज पाहून सांगणाऱ्यांना, वीस पानांचा मराठी मसुदा जड जाऊ नये. प्राथमिक साधन वाचण्याची जी शिस्त भूतकाळासाठी वापरली जाते, तीच चालू राजपत्राला लावायची आहे.

२७/
मसुदा हाती आला की लंडनने १६६७ मध्ये सोडवलेले चार प्रश्न विचारावेत. तपासणार कोण, आणि त्याला पैसे कोण देतो? तपासणीचा निष्कर्ष रहिवाशाला दिसतो का, आणि वाद झाला तर तो कोठे दाद मागणार? खर्चाची तरतूद आहे का? सवलत कोण, कोणत्या कारणासाठी देऊ शकतो, आणि नियम मोडल्यास नेमके काय होते? यांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर तीच हरकत आहे. ती मुदतीत नोंदवावी.

२८/
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण हसण्यासाठी वापरली जाते. नियमांच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरत आली आहे : आग लागते राहणाऱ्याच्या घरी, आणि नियम ठरतो तो नसलेल्या खोलीत. पुढची सूचना राजपत्रात येईल तेव्हा आग लागलेली नसेल, बातमीही नसेल. हरकत नोंदवण्याची वेळ तीच.

(धागा समाप्त)