सव्विसाव्या मैलाच्या पुढे

१९४७-४८च्या काश्मीरच्या लढाईसाठी पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यातली तीन पदकं मरणोत्तर होती. जे दोघे ते छातीवर लावून घ्यायला हयात होते, त्यांतले एक शीख रेजिमेंटचे करम सिंग आणि दुसरे बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. राण्यांविषयी कुठेही वाचायला घ्या, ८ ते ११ एप्रिल १९४८ हे चार दिवस तपशिलात सापडतात. मग एका ओळीत निवृत्ती, दुसऱ्या ओळीत निधन. राणे गेले ११ जुलै १९९४ला, पुण्यात, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. मधली शेहेचाळीस वर्षं आपण सहज ओलांडून जातो, याची मला खंत वाटते.

ते चार दिवस मात्र सांगायलाच हवेत. राजौरी नोव्हेंबर १९४७मध्ये हल्लेखोरांच्या हाती पडली होती. ती सोडवायची तर नौशेऱ्याहून रणगाडे न्यायला हवेत, आणि डोंगरातल्या त्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. सव्विसाव्या मैलापासून रस्ता मोकळा करायची जबाबदारी राण्यांवर आली. अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते. ८ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होण्याआधीच तोफगोळे पडले. तुकडीतले दोघे जागीच गेले आणि पाच जण जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला लागले. बरवालीची टेकडी संध्याकाळी आपल्या ताब्यात आली, तरी यांचं काम रात्री दहापर्यंत चालूच. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. मोरी उडवलेली असेल तर बाजूने वाट काढायची, पाइनचं झाड आडवं असेल तर ते उडवायचं, आणि तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. १० तारखेला पहाटे पावणेपाचला, समोरून मशीनगन चालू असताना, सुरुंगांनी वेढलेली पाच मोठी झाडं त्यांनी साडेसहापर्यंत हटवली.

पदकाचं मानपत्र हे असं घड्याळाच्या काट्यांनी भरलेलं आहे. शत्रूचे किती मारले याचा एकही आकडा त्यात नाही. देशाचं सर्वोच्च शौर्यपदक एका माणसाला रस्ता मोकळा करण्यासाठी मिळालं, ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी इतकी मोठी आहे.

त्यातला एक प्रसंग मला सर्वांत थोर वाटतो. १० तारखेला रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचलेसुद्धा. कुणाला वाटलं असतं, झालं काम. पण मागून रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच हवा होता. म्हणून जखमी राणे मागे थांबले आणि अन्न-विश्रांतीशिवाय रात्री नऊपर्यंत रस्ता साफ करत राहिले. दुसऱ्या दिवशी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. त्यानंतरही रात्री दहापर्यंत ते पुढच्या रस्त्यावर होते. १२ एप्रिलला आपलं सैन्य राजौरीत शिरलं.

हा माणूस आला कुठून? वडील पोलीस शिपाई, त्यामुळे शाळा बदल्यांच्या गावी. १९३०च्या चळवळीकडे मुलगा ओढला जातोय म्हणून घाबरून वडिलांनी बिऱ्हाड चेंडियाला हलवलं. दहा वर्षांनी तोच मुलगा बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढला, हवालदार झाला आणि डिसेंबर १९४७मध्ये अधिकारी. शिपाईगडी म्हणून वर्षं काढलेला माणूस होता तो, हातात पहार कशी धरतात हे ठाऊक असलेला.

आणि नंतर? पस्तिशीच्या सुमारास लग्न झालं, संसार मांडला. सैन्यात आणखी वीस वर्षं नोकरी केली आणि १९६८ला मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर सैन्यानेच पुन्हा कामावर घेतलं, ते १९७१पर्यंत. परमवीर चक्र आहे म्हणून बदली चुकत नाही, घरभाडं चुकत नाही, मुलांच्या शाळा चुकत नाहीत. ज्याने मरण इतक्या जवळून पाहिलं, त्याने पुढे इतकी वर्षं रोज उठून कामावर जावं, यात मला एप्रिलमधल्या त्या धीराचाच पुढचा भाग दिसतो.

आजवर २१ परमवीर चक्रं दिली गेली, त्यातली चौदा मरणोत्तर. मेजर धनसिंग थापांचं नावही १९६२ला आधी मरणोत्तर म्हणूनच जाहीर झालं होतं. ते चीनच्या कैदेत जिवंत होते आणि परत आले. गेलेल्यांपुढे नतमस्तक कसं व्हायचं, हे आपल्याला चांगलं येतं. परत आलेल्याशी काय बोलायचं, तिथे आपण अडखळतो. ‘लढाईचं काहीतरी सांगा ना’ म्हणतो आणि दहा मिनिटांत चहा संपवून उठतो.

राण्यांचा पुतळा कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६पासून उभा आहे. अंदमानातल्या एका बेटाला २०२३मध्ये त्यांचं नाव मिळालं. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्याकडून ऐकून घ्यायची संधी १९९४पर्यंत होती.

आज तीच संधी दुसऱ्या घरांत आहे. १९७१ला विशीत असलेला जवान आता पंचाहत्तरीत पोचलाय, १९६५चा तर ऐंशी ओलांडून गेलाय. साताऱ्याच्या अपशिंगेसारख्या गावात तर घराघरांतून माणसं सैन्यात गेली. माझे मामा त्याच पिढीचे. आम्ही भाचरं त्यांना कायम छांब-अखनूरच्या लढाईचंच विचारत आलो. रजेवर आल्यावर धाकट्या मुलीने ओळखलंच नव्हतं, हे त्यांनी परवा प्रथमच सांगितलं, आणि मामी म्हणाली, ‘मनिऑर्डर उशिरा आली की मी किराणावाल्याकडे काय बोलायचे, ते नाही विचारलंत कधी.’ ते सगळं आता लिहून घ्यायला बसलोय. तुमच्याही घरात, गल्लीत असे आजोबा असतील तर या रविवारी वही घेऊन जा. लढाईचं विचाराच, पण नंतरचंही विचारा, आणि आजी आत असतील तर त्यांनाही बाहेर बोलवा.