दारातला दरवान

बी.कॉम.ला आम्हांला 1930 चा माल-विक्री कायदा होता. जाडजूड पुस्तकाचं सार एवढंच : किंमत दिली, माल ताब्यात आला, की माल तुमचा. मग तो कपाटात ठेवा, डोक्यावर घेऊन नाचा, नाहीतर शेजाऱ्याला देऊन टाका. दुकानदाराला विचारायला जावं लागत नाही. आमच्या भागातल्या आठवडी बाजारात शेळी घेणाऱ्या माणसालाही हे कायद्याशिवाय कळतं. शेळी घरी आणल्यावर ती चाऱ्याला तोंड लावण्यापूर्वी 'मूळ मालकाशी संपर्क होऊ शकला नाही' असं म्हणत नाही.

कॉम्प्युटरवरचा गेम मात्र म्हणतो. खरं तर गेम बिचारा गप्प असतो. बोलतो तो लाँचर. ज्यांच्या घरात अजून सोळा वर्षांचं कुणी नाही अशा सुखी वाचकांसाठी खुलासा करतो. लाँचर म्हणजे गेम विकणाऱ्या कंपनीने आपल्या कॉम्प्युटरवर आणून बसवलेला दरवान. गेम उतरवून देणं, त्याची डागडुजी करणं ही त्याची वरकरणी कामं. मुख्य काम म्हणजे आपण दार वाजवलं की दूरच्या धन्याला विचारणं, 'हा आलाय, आत सोडू का?' घर आपलं, वीज आपली, पैसे आपले. दरवान तेवढा त्यांचा.

ही रीत आजची नव्हे. 'स्टीम' नावाचा लाँचर सप्टेंबर 2003 मध्ये आला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ 2' हा गेम निघाला, तेव्हा दुकानातून तबकडी विकत आणणाऱ्यांनाही इंटरनेटवरून स्टीमची संमती घेतल्याशिवाय तो उघडता येत नव्हता. तेव्हापासून हा दरवान घराघरांत मुक्कामाला आहे.

मोठ्या शहरात हे खपून जातं. आमचं शिरूर कासार पडलं सिंदफणेच्या काठचं तालुक्याचं गाव. इथे इंटरनेट तारेवरून येतं आणि जेसीबीच्या मर्जीने जातं. पण ते गेलं तर निदान कारण तरी कळतं. खरा छळ ते चालू असताना होतो. मोबाइलवर कीर्तन दिसतंय, बँकेची कामं चाललीत, आणि चिरंजीवांच्या लाँचरला मात्र आमचं गाव पृथ्वीवर सापडत नाही! लाँचर कुठला ते सांगत नाही. सगळे एकाच माळेचे मणी. आमची इंटरनेटवाली कंपनी आणि लाँचरवाली कंपनी यांच्यामधला रस्ता कुठेतरी खचलेला असतो. त्यावर दोघींचा सल्ला एकच : 'आपलं कनेक्शन तपासा.'

मग चिरंजीव तपासतात. डाउनलोडचा विभाग मुंबईवरून चेन्नईवर नेतात, तिथून सिंगापूरला. डीएनएस नावाची इंटरनेटची एक नाव-पत्त्यांची वही असते. कंपनीची ती वही फेकून 8.8.8.8 ही गुगलची वही लावतात. गच्चीवर जाऊन मोबाइलचा हॉटस्पॉट उंच धरतात. शेवटी व्हीपीएन. म्हणजे बसायचं शिरूरला आणि जगाला भासवायचं की आपण परदेशात आहोत. पासपोर्ट नसलेला मुलगा सिंगापूरमार्गे स्वतःच्याच टेबलावरचा गेम उघडतो!

"जमलं ना बाबा, मग झालं तर!" असं चिरंजीव म्हणतात. नाही झालं. दुरुस्ती त्यांची, मजुरी आमची, हा कुठला जमाखर्च? शिवाय स्टीमच्या करारात तर राहण्याचं ठिकाण लपवून तिथले निर्बंध चुकवायला मनाई लिहिलेली आहे. म्हणजे खिडकीतून यायची वेळ दरवानाने आणायची, आणि खिडकीतून येणारा वहिमी ठरायचा! इंटरनेटशिवाय चालणारी 'ऑफलाइन' सोय असते म्हणतात. असते, पण ती घेण्यासाठी आधी इंटरनेटवरून आत जावं लागतं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी आजारपणाच्या रजेचा अर्ज द्या, अशातला हा प्रकार.

आता कुणी म्हणेल, चोरी रोखायला हे हवंच. अहो, चोरीची धास्ती बँकेपेक्षा जास्त कुणाला? तरीही रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2022 मध्ये इंटरनेटशिवाय छोट्या रकमा देण्याघेण्याची चौकट आखलीच. सुरुवातीला एका व्यवहाराला 200 रुपयांची मर्यादा घातली, जोखीम मोजली आणि लोकांची सोय केली. रोकडा पैसा लाईनीशिवाय हलतो आणि एकट्याने खेळायचा फुटबॉल हलत नाही? दहाजण दहा गावांतून एकत्र खेळणार असतील तर लाईन हवी, हे मान्य. पण एकट्याच्या खेळाला साक्षीदार कशाला? 'जीओजी' हे दुकान 2008 पासून बिनकुलपाचे गेम विकतं आहे. म्हणजे जमतं; नसते ती इच्छा.

धन्याने दुकानच बंद केलं तर काय होतं, हेही पाहून झालं. युबिसॉफ्टने 31 मार्च 2024 ला 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले, आणि पैसे मोजलेल्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. त्यातून युरोपात मोहीम उभी राहिली आणि 2025 मध्ये तिच्या अर्जावरच्या सह्या दहा लाखांवर गेल्या. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आला : मिळतो तो नुसता परवाना असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही.

आमचं मागणं त्याहून साधं आहे. पावती एकदा तपासा आणि एकट्याचा गेम पुढे लाईनीशिवाय उघडू द्या. रस्ता तुमच्याकडे खचला असेल तर तसं सांगा. बँकेची लिंक गेली की आम्ही 'लिंक बंद आहे' अशी पाटी लावतो, शिव्या खातो. पण दारात आलेल्या खातेदाराला 'आपले पाय तपासा' असं सांगत नाही.

एवढंही जमत नसेल, तर बटणावरचा 'खरेदी' शब्द काढा आणि 'आमची मर्जी असेपर्यंत भाड्याने' असं लिहा. मग भाडं किती द्यायचं ते आम्ही बघू. घासाघीस करण्यात आमचा तालुका कुणाला हार जाणारा नाही.