ताणाचे मूळ नवकोनी आकृतीत नाही

माणसाचे काम त्याच्या शक्तीपलीकडे वाढवावे, त्याच्या नोकरीची शाश्वती काढून घ्यावी आणि तो खचू लागला की त्याच्याच स्वभावाचा एक नकाशा त्याच्या हाती द्यावा, अशी मालकवर्गाची नवी रीत झाली आहे. या नकाशांपैकी विशेष भाव खाणारा म्हणजे ‘एनिआग्राम’. अमेरिकेतील व्यवस्थापन-प्रशिक्षणाच्या वर्गांतून निघून तो भारतातील महानगरांच्या कार्यालयांपर्यंत येऊन पोहोचला आहे. प्रत्येक माणूस नऊ ठरीव प्रकारांपैकी एका प्रकाराचा असतो आणि ताण आला असता तो कसा वागेल हे त्या प्रकारावरून कळते, असा या पंथाचा दावा आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण हा प्रश्न केवळ अंधश्रद्धेचा नसून, ताणाचा दोष कोणाच्या माथी मारायचा याचा आहे.

प्रथम या विद्येचे कुळ पाहावे. ही आकृती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आणली ती आर्मेनियात जन्मलेल्या गुर्जिएफ या गूढवाद्याने. त्याच्या शिकवणुकीत ती विश्वनियमांचे चिन्ह होती. माणसांचे नऊ प्रकार तिच्यात नव्हते. ते तिला जोडले बोलिव्हियात जन्मलेल्या ऑस्कर इचाझोने. १९७० साली चिलीतील आरिका या बंदरात त्याने साधकांचे शिबिर भरवले. क्लाउदिओ नारांहो हे मानसोपचारतज्ज्ञ आणि अमेरिकेतून आलेली मंडळी त्यात होती. त्याच वर्षी चिलीच्या जनतेने साल्वादोर आयेंदे यांना निवडून दिले. आपल्या दैन्याचे कारण शोधत तिथला कष्टकरी परकीय कंपन्यांच्या मालकीपाशी पोहोचला होता, आणि १९७१ साली तांब्याच्या मोठ्या खाणी राष्ट्राच्या झाल्या. आरिकातील साधक मात्र दुःखाचे कारण स्वतःच्या स्वभावात शोधत बसले होते. सप्टेंबर १९७३ मध्ये पहिला शोध रणगाड्यांखाली चिरडण्यात आला. दुसऱ्याला अमेरिकेत बाजारपेठ मिळाली.

आता या विद्येतील ताणाचे गणित पाहावे. एकाला सातने भागले असता दशांशचिन्हापुढे १, ४, २, ८, ५, ७ हे अंक पुन्हापुन्हा येतात. आकृतीतील सहा बिंदू याच क्रमाने जोडलेले आहेत. उरलेल्या ३, ६ आणि ९ यांचा त्रिकोण होतो. ताणाखाली पहिल्या प्रकारचा माणूस चौथ्याचे दुर्गुण घेतो, चौथा दुसऱ्याचे, दुसरा आठव्याचे, असे या पंथाचे प्रचलित ग्रंथ सांगतात. दहाच्या पटीत मोजणाऱ्या अंकपद्धतीत एका भागाकाराचे उत्तर अमुक क्रमाने येते, म्हणून कामाखाली पिचलेला माणूस अमुक रीतीने खचतो! आठच्या पटीत मोजले असते तर हे अंक आलेच नसते. मग माणसांचे स्वभावही बदलले असते काय?

परंतु वर्णन तर अचूक जुळते, असे अनुयायी म्हणतात. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते यास विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सर्वांना एकच होते आणि फोररने ते बाजारातील ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेले होते. माणसाला आपल्याविषयी कोणी दोन शब्द बोलावेत अशी आस असते. ती आस खोटी नाही. तिचा धंदा करणारे खोटे आहेत.

या धंद्याचा खरा उपयोग त्याच्या दोषांच्या यादीत दिसतो. नारांहो यांच्या मांडणीत पहिल्या प्रकाराचा दोष क्रोध, सहाव्याचा भीती, नवव्याचा आळस. म्हणजे अन्यायाविरुद्ध कामगार संतापला तर तो त्याचा क्रोध. कपातीच्या धास्तीने त्याची झोप उडाली तर ती त्याची भीती. दुहेरी पाळीनंतर त्याचे अंग उठेनासे झाले तर तो त्याचा आळस. कारखाना, पगार, पाळी, मुकादम यांना या आकृतीत एकही बिंदू नाही.

विज्ञान काय सांगते? मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सरकारी नोकरांची पाहणी केली. १९६७ साली सुरू झालेल्या या पाहणीत तळाच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला. धूम्रपान, रक्तदाब यांनी या फरकाचा काही भागच उलगडला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्रीपुरुष होते. ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा ताबा नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक, असे तीत दिसले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम करावे लागल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात ७,४५,००० माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने मरण पावली. ही माणसे नऊपैकी कोणत्या प्रकारची होती, हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नाही.

गूढविद्येवर विश्वास असणाऱ्यांनाही हे सत्य कधीकधी पटलेले आहे. मुंबईत जन्मलेले बी. पी. वाडिया हे थिऑसॉफीचे निष्ठावंत अनुयायी, ॲनी बेझंट यांचे सहकारी. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील कामगार त्यांच्याकडे आपली गाऱ्हाणी घेऊन आले, तेव्हा दुपारच्या जेवणास पुरेसा वेळही मिळत नाही, हे त्यांतील एक प्रमुख गाऱ्हाणे होते. वाडियांनी त्यांना कोणतीही आकृती काढून दाखवली नाही. २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियनची स्थापना झाली आणि वाडिया तिचे अध्यक्ष झाले.

याच राज्यात २१ एप्रिल २०२३ रोजी बारा तासांच्या कामाची वाट मोकळी करणारे विधेयक विधानसभेत मंजूर झाले. कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या. डावे पक्ष सत्ताधाऱ्यांच्या आघाडीत असूनही विरोधात गेले. दहा दिवसांत, कामगार दिनी, ते विधेयक मागे घेत असल्याची घोषणा मुख्यमंत्री स्टालिन यांना करावी लागली. असंख्य कामगारांच्या जिवावर येऊ पाहणारा ताण त्या दिवशी टळला, आणि तो टाळण्यासाठी कोणालाही आपला प्रकार ओळखावा लागला नाही.

खचलेल्या माणसाला आधार हवा, डॉक्टर हवा, विश्रांती हवी. याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या कचेरीत स्वभाववर्ग भरतात तिथेच कामाचे तास, रजा आणि माणसांची भरती यांविषयी बोलण्यास बंदी असेल, तर त्या वर्गाचा हेतू उघड आहे. कामगाराने तिथे एकच प्रश्न विचारावा : माझ्या स्वभावाचा नकाशा काढलात, आता माझ्या कामाचा नकाशा केव्हा काढता? आणि तो प्रश्न एकट्याने विचारू नये.